आम्हाला वाटले, सावळी आहे…

२०१३ च्या जानेवारीत माझ्या भाचीचे उष्टावण होते. ताईचे सासर औसा तालुक्यात, लातूरपासून तासाभरावर. मी मुंबईहून रात्रीच्या गाडीने गेले. खिरीचा पहिला घास मामाने भरवायचा. पण आम्हाला भाऊ नाही, म्हणून तो मान माझ्याकडे आला. तिला मांडीवर घेतले आणि प्रथम लक्ष गेले ते ओठांकडे. जांभळे खाल्ल्यासारखे ओठ! मी तसे म्हटलेही, आणि जमलेल्या बायका हसल्या.

ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "बापावर गेलीय. आमच्याकडं सगळेच असे. पोरीच्या जातीला जरा उजळ असतं तर बरं झालं असतं, एवढंच."

विषय तिथे संपला आणि उपाय सुरू झाले. मसुरीच्या डाळीचे पीठ, साय, चिमूटभर हळद. रोज आंघोळीआधी त्या पोरीला चोळचोळ चोळायचे. ती रडून रडून आणखी काळीनिळी व्हायची, आणि तिला अधिकच जोरात चोळले जायचे.

यात माझा वाटा होता, तो आधीच सांगून टाकते. पत्रकारितेची पदविका घेऊन मी तेव्हा नुकतीच संपादकीय विभागात रुजू झाले होते. नव्या माणसाच्या वाट्याला पानाच्या कोपऱ्यातल्या चौकटी येतात. अशाच एका चौकटीत मी 'बाळाची कांती' या मथळ्याखाली दीडशे शब्द लिहिले होते. मसुरीच्या पिठाची कृती त्यातलीच. आपले लिखाण छापून आल्याचा आनंद असा, की तो अंक मी ताईला पोस्टाने पाठवला आणि चौकटीभोवती लाल पेनाने खूण केली.

घरात सगळे तिला छकुली म्हणत. छकुलीचे वजन वाढत नव्हते. अंगावर पिताना ती चार घोट घेऊन थांबायची, कपाळाला घाम यायचा, पुन्हा दोन घोट. एका दवाखान्यात कफ सांगितला, दुसऱ्यात न्यूमोनियाचे औषध दिले. दीड वर्षाची होऊन ती चालू लागली, पण आठ-दहा पावले टाकली की खाली बसायची, तीही मांडी घालून किंवा पाय पसरून नव्हे, तर उकिडवी, गुडघे छातीशी घेऊन, आठवडी बाजारात भाजीवाली बसते तशी. बसून इकडेतिकडे बघायची, मग उठून पुन्हा चालायची. आम्हाला त्याचे भारी कौतुक. दाजींनी त्या बैठकीचा फोटो मोबाइलवर काढला होता आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तो दाखवत. "बघा, आमची पाटलीणबाई!"

जानेवारी २०१५ मध्ये गावच्या अंगणवाडीत तपासणी पथक आले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरपासून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची, दोष आढळला तर पुढच्या उपचारांची सोय लावायची, असे त्याचे स्वरूप. पथकात आयुर्वेदाची पदवी घेतलेली एक तरुण डॉक्टरीण होती. वजनकाट्याशी रांग लागलेली असताना छकुली रांगेतच उकिडवी बसली. डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला, तिच्यासमोर येऊन स्वतःही उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "जीभ दाखव बघू."

जीभ जांभळी होती. हिरड्याही. बोटांची टोके फुगीर होऊन नखे गोलसर झाली होती. बोटाला लावायचा तो छोटा चिमटा, ज्यावर रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण दिसते, त्यावर आकडा आला ७२. निरोगी मुलाचा ९५ च्या वर असतो. त्यांनी चिमटा दुसऱ्या बोटाला लावून पाहिला. पुन्हा ७२.

"ताई," त्या माझ्या बहिणीला म्हणाल्या, "ही सावळी आहे का गोरी, ते मला माहीत नाही. पण आत्ता ही निळी आहे."

ताईचा मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. ती रडत नव्हती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अगं, आपण तिला घासत होतो."

हा दोष आपल्याकडे उशिरा सापडतो, त्याचे एक कारण आपल्या कातडीच्या रंगात आहे आणि दुसरे त्या रंगाविषयीच्या आपल्या मनात. गोऱ्या कातडीवर निळेपणा चटकन दिसतो, गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो काळसरपणात मिसळून जातो. म्हणून पाहायचे ते गाल नव्हे. जीभ, हिरड्या आणि नखे. पण मुलगी सावळी झाली म्हणून आधीच हिरमुसलेल्या घरात तिची जीभ कोण पाहतो? मुलगा असता तर कुणीतरी आधी पाहिली असती काय, हा प्रश्न मी ताईच्या घरात कधी विचारला नाही. इथे विचारून ठेवते.

लातूरला इको झाली आणि आजाराला नाव मिळाले. 'टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो'. मार्सेय येथील डॉक्टर फॅलो यांनी १८८८ मध्ये या 'निळ्या आजारा'ची चार लक्षणे एकत्र मांडली, म्हणून हे नाव. लातूरच्या डॉक्टरांनी मुंबईला चिठ्ठी दिली आणि ताईला एक गोष्ट करून दाखवली. मूल अचानक फार निळे पडले, धापा टाकू लागले, तर त्याला कुशीत घेऊन दोन्ही गुडघे छातीशी दाबून धरायचे. घाबरायचे नाही, मुलाला रडू द्यायचे नाही.

त्यांना आणायला मी गेले होते. लातूर एक्स्प्रेसमध्ये कुर्डुवाडी सोडल्यावर छकुली झोपेतून दचकून उठली आणि रडू लागली. रडता रडता ओठ शाईसारखे झाले, मग रडणे थांबले आणि नुसता श्वास उरला, भात्यासारखा. डोळे वर गेले. ताईने तिला उचलले, गुडघे दुमडून छातीशी घट्ट धरले आणि खिडकीकडे तोंड करून बसली. समोरच्या बर्थवरचे गृहस्थ ओरडले, "अहो बाई, लेकराला दाबताय काय अशा? मोकळं सोडा!" ताईने मान वळवली नाही. मी घड्याळ पाहत होते. सहा मिनिटे. मग छकुलीने एक मोठा श्वास घेतला, आणि ताईच्या दंडावर ओकली. ताई म्हणाली, "आली परत."

मुंबईच्या रुग्णालयात आम्हाला जे डॉक्टर भेटले ते बोलायला कंजूष, पण चित्र छान काढत. केसपेपरच्या मागे त्यांनी हृदय काढायला घेतले आणि दाजींना विचारले, "तुम्ही काय करता?" दाजींचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे, विहिरीवरच्या, बोअरच्या जळलेल्या मोटारी ते दुरुस्त करतात. डॉक्टरांनी पेन बदलले. "मग तुम्हाला सोपं जाईल," म्हणाले. "हे दोन पंप आहेत, शेजारी शेजारी. उजवा पंप वापरलेलं रक्त फुप्फुसाकडे ढकलतो. डावा, ताजं रक्त अंगभर. तुमच्या मुलीच्या दोन्ही पंपांमधल्या भिंतीला मोठं भोक आहे. फुप्फुसाकडे जाणारा पाइप तोंडाशीच अरुंद आहे. अंगाकडे जाणारा मोठा पाइप आपली जागा सोडून बरोबर त्या भोकावर बसलाय. आणि अरुंद पाइपात जोर लावून लावून उजव्या पंपाची भिंत जाड झालीय. झाली चार."

दाजी चित्राकडे बघत राहिले. "म्हणजे फुप्फुसाकडं पाणी कमी आणि वापरलेलंच परत शेताला."

"अगदी बरोबर."

मग दाजींनी मोबाइल काढून तो फोटो दाखवला, पाटलीणबाईचा. डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला. उकिडवे बसले की पायांच्या रक्तवाहिन्या दबतात, अंगाकडे जाणारी वाट थोडी कठीण होते आणि तेवढे जास्त रक्त फुप्फुसाकडे वळते. एका चारीचे दार थोडे लावले की पाणी दुसऱ्या चारीला जावे तसे. दोन वर्षांच्या मुलीला हे कुणी शिवकलेले नसते. तिचे शरीर स्वतःच शोधून काढते. आगगाडीत ताईने केले तेही हेच. दाजींनी तो फोटो त्या दिवशी स्क्रीनवरून काढला. पुसला मात्र नाही.

फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या फार बारीक राहिल्या होत्या. एरवी हल्ली फॅलोची पूर्ण दुरुस्ती बाळाच्या पहिल्या वर्षाच्या आसपास एकाच वेळी करतात. छकुलीच्या बाबतीत आधी त्या वाहिन्या वाढवायला हव्या होत्या. म्हणून पहिली शस्त्रक्रिया फक्त एका आडवाटेची. हाताकडे जाणाऱ्या धमनीपासून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत चार मिलिमीटर व्यासाची कृत्रिम नळी जोडायची. तिला शंट म्हणतात. हृदयाला हातही लावायचा नाही.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मी दाजींना या आडवाटेची गोष्ट सांगितली. वाचणे हा माझा धंदा; बाकी काही मला करता येण्यासारखे नव्हते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टॉसिग नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांना ऐकू कमी येई. त्या ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखत आणि मुलांच्या छातीवर बोटे ठेवून हृदयाचे ठोके वाचत. जन्मल्यावर काही दिवसांत मिटणारी एक नैसर्गिक नळी ज्या निळ्या बाळांत मिटत नाही, ती बाळे तग धरतात, हे त्यांच्या लक्षात आले. मग तशी नळी आपणच का करू नये? हा प्रश्न त्यांनी शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्यापुढे ठेवला. ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ होते. सुतारकाम शिकलेले. वैद्यकीय शिक्षणासाठी साठवलेले पैसे मंदीत बँक बुडाल्याने गेले, म्हणून प्रयोगशाळेत नोकरीला लागले. सुरुवातीला कागदोपत्री त्यांचे पद सफाई कामगाराचे होते. कुत्र्यांवर दोनेकशे शस्त्रक्रिया करून ही जोडणी बसवली ती त्यांनी.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी आयलीन सॅक्सन या पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. ब्लेलॉक शिवत होते आणि त्यांच्या उजव्या खांद्यामागे स्टुलावर उभे राहून थॉमस सूचना देत होते. आयलीन त्या दिवशी वाचली, पुढे काही महिन्यांनी पुन्हा निळी पडली, दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर गेली. पण १९४५ च्या सुरुवातीला तिसरा मुलगा टेबलावर असतानाच त्याचे ओठ गुलाबी झाले, आणि मग जगभरातून निळी मुले बाल्टिमोरला येऊ लागली. शस्त्रक्रियेला नाव पडले ब्लेलॉक आणि टॉसिग यांचे. शोधनिबंधात थॉमस यांचे नाव नव्हते. हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली १९७६ साली.

दाजींनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "म्हणजे डॉक्टरच्या मागं मिस्त्री उभा होता." आणि बऱ्याच वेळाने, "कातडीचा रंग बघून त्याचंही काम दिसलं नाही लोकांना."

मी पत्रकार असून हे मला सुचले नव्हते.

शंट झाला. आकडा ७२ वरून ८४ वर गेला. ताई हिरमुसली, तिला वाटले होते शंभर होईल. नर्सने समजावले की भोक तसेच आहे, शुद्ध-अशुद्ध रक्त अजून मिसळतेच. ८० ते ८५ हाच आत्ताचा चांगला आकडा. डिस्चार्ज झाला तो ॲस्पिरिनची चतकोर गोळी रोज द्यायची, नळीत गुठळी होऊ द्यायची नाही आणि अंगातले पाणी कधी कमी होऊ द्यायचे नाही, या तीन सूचनांवर. निळ्या मुलांचे रक्त दाट असते. प्राणवायू कमी पडतो म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवत राहते. त्यात जुलाब-उलट्या झाल्या, ऊन लागले, तर रक्त आणखी घट्ट होते आणि नळी बुजू शकते.

ही सूचना घेऊन ती लातूरला परतली. दवाखाना जवळ असावा म्हणून त्यांनी शहरातच खोली घेतली होती. आणि पुढच्याच वर्षी, २०१६ चा तो उन्हाळा! मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी आणावी लागली ते वर्ष. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोहोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. वर्तमानपत्रांत फोटो झळकले. आमच्या घरात त्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा होता. टँकर आला की ताई पहिली कळशी बाजूला काढायची, ती उकळून गाळून छकुलीची. दोन दिवस अंगावर पाणी घेतले नाही तरी चालेल, पण तिची बाटली भरलेली पाहिजे. सासूबाईंनी स्वतःचा चहा बंद केला. त्या रात्री उठून नातीच्या ओठांना बोट लावून कोरडे आहेत का ते बघत. माणसाला एकाच वाक्यावरून तोलू नये, हे मी त्या उन्हाळ्यात शिकले.

पूर्ण दुरुस्ती २०१७ मध्ये झाली. छकुली पाच वर्षांची होत आली होती. या वेळी हृदय उघडायचे होते, आणि दाजींचा प्रश्न तयार होता. "पंप बंद ठेवून काम करणार. तोवर पाणी कोण ओढणार?"

हार्ट-लंग मशीन. फिलाडेल्फियाच्या जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी त्याच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, पण पुढचे रुग्ण दगावले आणि यंत्रावरचा विश्वास डळमळला. तेव्हा मिनेसोटातील डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्ये यंत्राऐवजी माणूस वापरला. रक्तगट जुळणाऱ्या आईला किंवा वडिलांना मुलाशेजारच्या टेबलावर झोपवायचे, मांडीच्या रक्तवाहिन्यांना नळ्या जोडायच्या, मुलाचे रक्त त्यांच्या अंगात, तिथून ताजे होऊन परत मुलाच्या अंगात. फॅलोची पहिली पूर्ण दुरुस्ती त्याच वर्षी अशीच, जिवंत माणसाच्या आधारावर झाली. एकूण ४५ मुलांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या, २८ घरी गेली. रक्त देणाऱ्यांपैकी कुणी दगावले नाही, पण एका टेबलावर दोन जीव जाण्याची भीती प्रत्येक वेळी होती.

ताई बाजूला बसून स्वेटर विणत होती. सुया थांबवून म्हणाली, "मी झोपले असते गं." आणि पुन्हा विणू लागली.

सकाळी साडेसातला छकुलीला आत नेले. आत काय करतात ते डॉक्टरांनी चित्र काढून आधी सांगितले होते. छातीचे मधले हाड उघडायचे, यंत्र जोडायचे, शरीर थंड करायचे, पोटॅशियमचे थंड द्रावण देऊन हृदय थांबवायचे. मग भोकावर ठिगळ शिवायचे. अरुंद वाटेतला वाढलेला स्नायू कापून काढायचा आणि वाटेवरही ठिगळ लावून ती रुंद करायची. सगळ्यांत अवघड टाके भोकाच्या एका कडेचे, कारण तिथूनच हृदयाला ठोक्याचा हुकूम नेणारी बारीक वायरिंग जाते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. टाका खोल गेला तर ठोका तुटतो.

"मग?" दाजींनी विचारले होते. मग बाहेरून ठोका द्यायचा. लिलेहाय यांच्या मुलांना भिंतीतल्या विजेवर चालणारे यंत्र लावत. १९५७ च्या ३१ ऑक्टोबरला मिनिॲपोलिसची वीजच गेली. त्यानंतर चार आठवड्यांत अर्ल बॅकन यांनी बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र करून आणले. बॅकन गॅरेजमध्ये रुग्णालयांची उपकरणे दुरुस्त करून देत. आमच्या दाजींच्या यादीत हा दुसरा मिस्त्री जमा झाला.

दुपारी दीडला डॉक्टर बाहेर आले. टोपी कपाळावर सरकलेली. "झालं. वाट रुंद करताना झडपेच्या कड्यावरून ठिगळ न्यावं लागलं, म्हणजे झडप गळणार. आज त्रास नाही. मोठी झाल्यावर कधीतरी नवी झडप लागेल." एवढे सांगून गेले.

त्या वेळी आम्ही फक्त 'झालं' एवढेच ऐकले. झडपेचे वाक्य समजायला वर्ष गेले. ती बरी झाली, असे आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो. डॉक्टर मात्र प्रत्येक वेळी 'दुरुस्त झाली' असेच म्हणत. चांगल्या केंद्रांत फॅलोच्या शस्त्रक्रियेतून शंभरातली पंचाण्णवहून अधिक मुले सुखरूप बाहेर येतात. ती मोठी होतात, शिकतात, नोकऱ्या करतात, त्यांतल्या पुष्कळ मुली आई होतात. पण दरवर्षी इको चुकवायची नसते, ही अट आयुष्यभराची. नातेवाइकांना हे सांगणे फार अवघड जाते. ऑपरेशन झाले म्हणजे प्रकरण मिटले, असा आपला हिशेब.

आय.सी.यू.तून तिला वॉर्डात आणले तेव्हा छातीतल्या नळ्या निघाल्या होत्या, पोटाजवळून बाहेर आलेल्या ठोक्याच्या दोन बारीक तारा अजून होत्या. गरज न लागता त्याही काढल्या. शेजारच्या खाटेवर गोरखपूरकडचा चार वर्षांचा मुलगा होता. त्याच्या हृदयात खालचा एकच कप्पा कामाचा. अशा हृदयाचे दोन पंप करता येत नाहीत. म्हणून एकच पंप अंगासाठी राखून शिरांतले रक्त पंपाशिवाय सरळ फुप्फुसात सोडायचे, अशी युक्ती फ्रान्समधल्या बोर्दोच्या फ्रान्सिस फोंतां यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. त्या मुलाचे ते शेवटचे, तिसरे ऑपरेशन होते. त्याची आई आणि ताई, दोघी एकाच सतरंजीवर झोपत. एकीची भोजपुरी, दुसरीची मराठवाडी. पण आकडे दोघींना कळत. सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, "आज केतना?" आणि ताईचे उत्तर, "सत्त्याण्णव."

पलीकडच्या पाळण्यात तीन महिन्यांचे बाळ आले होते. त्याच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल झालेली. त्या कापून पुन्हा जागच्या जागी शिवण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलच्या जतेने यांनी १९७५ मध्ये पहिल्यांदा यशस्वी केली, पण ती जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत करायची असते; नंतर डाव्या कप्प्याची ताकद ओसरते. या बाळाच्या बाबतीत ते आठवडे एका गावातून दुसऱ्या गावात जाण्यात गेले होते. चौथ्या दिवशी सकाळी पाळण्यावरची चादर बदललेली होती. वॉर्डात त्या दिवशी कुणी कुणाला आकडा विचारला नाही.

आपल्या देशात दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळे हृदयाचा काही ना काही दोष घेऊन येतात. पुष्कळांचे दोष किरकोळ, काही आपोआप मिटणारे. पण सुमारे पाचातल्या एकाला पहिल्या वर्षीच उपचार हवे असतात. जन्मल्यानंतर एक दिवस उलटला की उजव्या हाताला आणि पायाला तो चिमटा लावून पाहायचा, ही साधी तपासणी अमेरिकेने २०११ पासून सर्व नवजात बाळांसाठी सुचवली आहे. केरळने २०१७ मध्ये 'हृद्यम्' योजना काढून अशा बाळांची नोंदणी आणि मोफत शस्त्रक्रिया एकत्र बांधली. आमच्या छकुलीच्या दोन्ही शस्त्रक्रियांचा खर्च सरकारी कार्यक्रमातून झाला. येणे-जाणे, खोली, बंद दुकान, हा खर्च दाजींचा. त्यात एक जुनी मोटारसायकल गेली. मला वाटते तो चिमटा प्रत्येक प्रसूतिगृहात असायला हवा. आणि तो फॅलोच्या सगळ्याच बाळांना पहिल्या दिवशी पकडेल असेही नाही. काही बाळे जन्मतः गुलाबीच असतात आणि महिन्यांनी निळी पडू लागतात. तिथे घरातल्यांचे डोळेच लागतात.

छकुली आता हायस्कूलमध्ये आहे. ऑपरेशननंतर तिचा निळेपणा गेला आणि खाली निघाला तो सावळा रंग, दाजींचा, तंतोतंत. सासूबाईंनी तिला घरी आल्यावर उजेडात नेऊन निरखले आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर खरंच बापावर गेलीय!" ताई इतकी हसली की तिला बसावे लागले.

माझ्या टेबलावर अजूनही कधीतरी कांतीच्या चौकटी येतात. बाळाच्या असल्या तर मी त्या परत करते. कारण विचारले तर सांगते, नाही विचारले तर नाही.

दरवर्षीची इको दिवाळीच्या सुट्टीत असते. गेल्या वेळी मीच तिला घेऊन गेले. बाकावर बसल्या बसल्या नर्सने तिचे हात पाहिले आणि म्हणाली, "नेलपॉलिश काढ गं, चिमट्याला नीट वाचता येत नाही." दहाही नखांवर गडद निळा रंग होता, चकाकणारा.

"मावशी, कालच लावलंय!"

पर्समध्ये रिमूव्हर नव्हतेच. नर्सने स्पिरिटचा बोळा दिला. छकुलीने बराच वेळ कुरकुरत एकाच बोटाचा रंग खरवडून काढला आणि तेवढेच बोट पुढे केले. आकडा आला ९८. झडपेची गळती होती तेवढीच होती. परतताना लोकलमध्ये तिने बाटली काढली आणि ते एक नखही पुन्हा रंगवून टाकले.